कर्ता कोण? अमेरिकी शाळांमधल्या इतिहासाच्या भांडणाबद्दल

२०१५ साली टेक्सासमध्ये नववीत शिकणाऱ्या एका मुलानं भूगोलाच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून आईला पाठवला. धडा स्थलांतराचा होता. अमेरिकेच्या नकाशावर एक चौकट आणि चौकटीत एक वाक्य. आशय असा की, १५०० ते १८००च्या शतकांत अटलांटिक गुलाम-व्यापारानं आफ्रिकेतून लक्षावधी कामगार अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शेतमळ्यांवर काम करायला आणले.

आईनं ते पान सोशल मीडियावर टाकलं आणि ते देशभर फिरलं. तिचा आक्षेप 'कामगार' या शब्दावर होता. कामगाराला मजुरी मिळते. पटलं नाही तर तो काम सोडून जाऊ शकतो. त्याच धड्यात युरोपातून करारावर आलेले गोरे नोकर कमी पगारात किंवा बिनपगारी राबत, हे मात्र नीट सांगितलं होतं. प्रकाशकांनी चूक मान्य केली आणि मजकूर बदलला.

मला त्या वाक्यात आणखी दोन गोष्टी खटकतात. पहिली आकड्याची. अटलांटिक ओलांडायला जहाजांत कोंबलेल्या माणसांची संख्या सुमारे १ कोटी २५ लाख होती. त्यातले १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरले, पण बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर. थेट उत्तर अमेरिकेत आलेले ४ लाखांहूनही कमी. १८६० मध्ये अमेरिकेत जवळजवळ ४० लाख गुलाम होते ते मुख्यतः तिथंच, गुलाम आयांच्या पोटी जन्मलेले. म्हणजे 'लक्षावधी आणले' म्हणताना पिढ्यान्‌पिढ्या जन्मतःच गुलाम ठरवण्याचा कायदा नजरेआड होतो.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. शाळेत विचारायचे तसं विचारू या: या वाक्यात कर्ता कोण? आणणारा कोण? उत्तर: व्यापार. विकत घेणारा, साखळदंड घालणारा, जहाजाचा विमा उतरवणारा, मळ्याचा मालक, यातलं कुणीच वाक्यात नाही. व्यापार आपोआप झाला, पाऊस पडावा तसा.

अमेरिकेत शाळांमधल्या इतिहासावरून गेली काही वर्षं जे रण माजलं आहे, ते बाहेरून पाहणाऱ्याला 'गुलामगिरी शिकवावी की नाही' यावरचं वाटतं. तसं म्हणणारे फार थोडे आहेत. गुलामगिरी होती, ती वाईट होती, १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं ती संपली, एवढं जवळपास सगळ्यांनाच शिकवायचं आहे. भांडण आहे ते वाक्यरचनेचं: कर्ता कोण आणि काळ कोणता? हे कुणी केलं? आणि ते 'होतं' म्हणायचं की 'आहे'?

ठरवतं कोण

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळत नाही. अमेरिकेत देशभरासाठी एकच अभ्यासक्रम नाही. शिक्षण हा राज्यांचा विषय आहे आणि केंद्राच्या शिक्षण खात्यानं अभ्यासक्रम ठरवू नये असं कायद्यातच लिहिलेलं आहे. राज्य ढोबळ निकष ठरवतं: अमुक इयत्तेत अमुक विषय यायला हवेत. त्याखाली सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक लोकांनी निवडून दिलेलं स्कूल बोर्ड असतं. पुस्तक कोणतं घ्यायचं, ग्रंथालयात काय ठेवायचं, तक्रार आली तर काय करायचं, हे बरंचसं त्या पाच-सात-नऊ माणसांच्या हाती असतं. त्यांच्या सभा जाहीर असतात. कुणीही उठून माईकसमोर दोन-तीन मिनिटं बोलू शकतं.

त्यामुळे देशाचं भांडण थेट गावच्या सभागृहात उतरतं. वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेला शब्द आठवडाभरात एखाद्या डिस्ट्रिक्टच्या सभेत ओरडून म्हटला जातो. कायदा करणारं राज्य, निर्णय घेणारं बोर्ड आणि वर्गात उभा असलेला शिक्षक या तिघांत शिक्षक सगळ्यात खाली असतो. ओझं शेवटी त्याच्याच डोक्यावर येतं.

हे काही आजचं नाही

'शाळेत राजकारण घुसलं' अशी तक्रार दोन्ही बाजू करतात. मला ती ऐकून थोडं हसू येतं. ते बाहेर होतं कधी?

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, दक्षिण हरली. पण त्या युद्धाचा इतिहास दक्षिणेतल्या शाळांत कुणी लिहिला? १८९४ मध्ये स्थापन झालेल्या 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' (कॉन्फेडरसी म्हणजे फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं) या बायकांच्या संघटनेनं पुस्तकांवर जवळजवळ पहारा बसवला. तिच्या इतिहासप्रमुख मिल्ड्रेड रदरफोर्ड यांनी १९२० च्या सुमारास पाठ्यपुस्तकं तपासायची एक मोजपट्टीच छापली. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा. मालक गुलामांशी क्रूर वागत असं लिहिणारं पुस्तक नाकारा. ग्रंथालयात असं पुस्तक असेल तर त्यावर 'दक्षिणेवर अन्याय करणारं' असा शेरा मारा.

या पहाऱ्याचा परिणाम दोन पिढ्या टिकला. व्हर्जिनियात १९५७ पासून सरकारनंच तयार करून घेतलेलं सातवीचं पुस्तक वापरात होतं. त्यातल्या चित्रात जहाजावरून उतरणारं गुलाम कुटुंब नीटनेटक्या कपड्यांत आहे आणि एक गोरा गृहस्थ त्यांच्याशी हस्तांदोलन करतोय! ती पुस्तकं १९७० च्या दशकापर्यंत चालली. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेले तिथले कितीतरी आजी-आजोबा हेच चित्र पाहून मोठे झाले. 'आम्हाला शाळेत असलं काही शिकवलं नव्हतं' असं ते बोर्डाच्या सभेत म्हणतात, तेव्हा खोटं बोलत नसतात.

दुसऱ्या बाजूनंही काम चालू होतं. ज्यांचे आईवडील स्वतः गुलामगिरीत जन्मले होते, त्या कार्टर वूडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी सुरू केला. पन्नास वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याचा महिना झाला. पण महिन्याची एक गंमत असते. वेगळी खोली बांधून दिली की मुख्य घरात बदल करावा लागत नाही. फेब्रुवारीत रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग, मार्चपासून पुन्हा राष्ट्राध्यक्षांची यादी.

१९९४ मध्ये देशासाठी ऐच्छिक इतिहास-निकष तयार झाले. त्या कामाला निधी दिला होता तो मानव्यविद्यांना मदत करणाऱ्या एका सरकारी संस्थेनं, लिन चेनी तिच्या प्रमुख असताना. मसुदा बाहेर येण्याच्या तोंडावर त्याच चेनी यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून त्याच्यावर झोड उठवली. जॉर्ज वॉशिंग्टन जेमतेम दिसतो आणि गुलामांची सुटका करणारी हॅरिएट टबमन सहा वेळा येते, हा त्यांचा एक मुद्दा. जानेवारी १९९५ मध्ये सिनेटनं ९९ विरुद्ध १ मतांनी त्या निकषांचा निषेध केला. इतिहास हा नावं मोजण्याचा खेळ झाला तो तेव्हापासून.

सीआरटी म्हणजे नक्की काय

आता या भांडणात सतत ऐकू येणाऱ्या तीन अक्षरांकडे येऊ. सीआरटी, म्हणजे क्रिटिकल रेस थिअरी, ही मुळात कायद्याच्या महाविद्यालयांत जन्मलेली विचारपद्धती. १९७० च्या दशकापासून हार्वर्डचे डेरिक बेल आणि नंतर किम्बर्ली क्रेनशॉ, रिचर्ड डेल्गाडो अशा अभ्यासकांना एक प्रश्न छळत होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांतलं वर्णानुसार विभाजन बेकायदा ठरवलं. १९६४, १९६५, १९६८ मध्ये मोठे नागरी हक्क कायदे झाले. कागदावर सगळे समान झाले. मग उत्पन्न, घरं, शाळा, तुरुंग यांतली दरी का भरत नाही?

त्यांचं उत्तर थोडक्यात असं: वर्णद्वेष फक्त माणसाच्या मनात नसतो, तो नियमांत आणि व्यवस्थेतही मुरतो. मन बदललं तरी नियमाचं फळ उरतं.

हे हवेतलं वाटू नये म्हणून घरांचं उदाहरण घेऊ, कारण इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. १९३० च्या दशकात मंदीत बुडालेली घरकर्जं वाचवायला केंद्र सरकारनं एक संस्था काढली. तिनं २०० हून अधिक शहरांचे नकाशे बनवले आणि वस्त्यांना रंग दिले. हिरवा उत्तम, निळा बरा, पिवळा घसरणीला लागलेला, लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळपास ठरल्यासारखी लाल. १९३४ मध्ये आलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननं बँकांच्या घरकर्जांना सरकारी विम्याची हमी दिली. आज अमेरिकेत सर्रास दिसणारं दीर्घ मुदतीचं, थोडी रक्कम आधी भरून घेता येणारं कर्ज रुळलं ते या हमीमुळे. पण कृष्णवर्णीय वस्तीत हमी नाही, आणि गोऱ्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबाला घर विकायलाही हमी नाही. संस्थेच्या नियमपुस्तिकेतच वस्त्या वंशानुसार वेगळ्या राखायचा सल्ला होता.

आता समजा, दुसऱ्या महायुद्धातून दोन सैनिक परत आले. एक गोरा, एक कृष्णवर्णीय. दोघांचा हुद्दा एक, बचत एक. पहिल्यानं हमीचं कर्ज काढून उपनगरात घर घेतलं. दुसरा भाड्यानं राहिला. तीस वर्षांत पहिल्याच्या घराची किंमत कितीतरी पट वाढली. त्यावर त्यानं मुलाला कॉलेजात पाठवलं, मरताना घर त्याच्या नावावर केलं. दुसऱ्यानं भाड्याच्या पावत्या ठेवल्या. १९६८ च्या कायद्यानं घरविक्रीत असा भेद करणं बेकायदा झालं. पण कायद्यानं भेद थांबतो, मधल्या तीस वर्षांचं चक्रवाढ व्याज परत येत नाही. त्यात भर म्हणजे अमेरिकेत शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. घरं स्वस्त, तर कर कमी. कर कमी, तर शाळेकडे पैसा कमी.

लाल नकाशांचा स्वतःचा परिणाम किती आणि हमीच्या नियमांचा किती, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. आजची सगळी दरी याच एका कारणानं समजते, असंही नाही. पण आज त्या शाळेत एकही वर्णद्वेष्टा माणूस नसला तरी तिथल्या मुलाच्या वाट्याला कमी येऊ शकतं, हा मुद्दा यातून कळतो.

आणि इथं व्याकरण उलटतं. भूतकाळाबद्दल बोलताना कर्ता स्पष्ट सांगा म्हणणारे लोक वर्तमानाबद्दल जवळजवळ कर्ताच नसलेलं वाक्य बोलतात: अन्याय होतो. कुणी करत नसतानाही होतो. ऐकणाऱ्या गोऱ्या पालकाच्या कानाला हे वाक्य अपुरं वाटतं आणि रिकामी जागा तो स्वतःच भरतो: 'म्हणजे मी? माझा आठ वर्षांचा मुलगा?' सिद्धांतात तसं म्हटलेलं नसतं. पण ही रिकामी जागा नीट भरून न दाखवणं हा सिद्धांत मांडणाऱ्यांचा आणि त्याहून जास्त त्याची घाईघाईनं शिबिरं घेणाऱ्यांचा दोष आहे असं माझं मत आहे.

ठिणगी

ऑगस्ट २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिननं '१६१९ प्रोजेक्ट' काढला. त्याच्या सूत्रधार निकोल हॅना-जोन्स. ऑगस्ट १६१९ मध्ये 'व्हाइट लायन' हे जहाज वीसेक आफ्रिकी बंदिवानांना घेऊन व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागलं. देशाची गोष्ट १७७६ मधल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याऐवजी या घटनेपासून सांगितली तर काय दिसेल, हा प्रयोग होता. शाळांसाठी साहित्यही बनलं. त्याच डिसेंबरात पाच नामवंत इतिहासकारांनी जाहीर पत्र लिहून काही विधानांवर हरकत घेतली. मुख्य हरकत: वसाहतवाले गुलामगिरी वाचवायला ब्रिटनपासून फुटले, हे सरसकट विधान. मार्च २०२० मध्ये ते वाक्य 'काही वसाहतवाल्यांसाठी' असं दुरुस्त झालं. पुन्हा कर्ताच बदलला, बघा. दोनच महिन्यांनी हॅना-जोन्स यांना मुख्य निबंधासाठी पुलित्झर मिळालं.

त्याच मे महिन्याच्या २५ तारखेला मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेले. पुढच्या काही महिन्यांत कंपन्या, सरकारी खाती, शाळा यांत वर्णद्वेषविरोधी प्रशिक्षणांची लाट आली. त्यात चांगलं होतं, तसं अत्यंत बाळबोधही होतं. स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयानं संकेतस्थळावर एक तक्ता ठेवला होता. त्यात कष्ट, तर्कशुद्ध विचार, वेळेचं भान ही 'गोऱ्या संस्कृतीची' लक्षणं म्हणून दिली होती. जुलै २०२० मध्ये टीका झाल्यावर तो काढला. वर्णद्वेष संपवायला निघालेल्यांनी कष्ट आणि तर्क गोऱ्यांच्या नावावर करून टाकावेत, यापरता विनोद नाही. या गोष्टीचा राग आलेले सगळेच काही जुन्या दक्षिणेचे पुजारी नव्हते.

हा राग एका नावाखाली आणण्याचं काम क्रिस्टोफर रूफो या कार्यकर्त्यानं केलं. सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला त्यानं फॉक्स न्यूजवर सीआरटीविरुद्ध राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढावा असं आवाहन केलं. त्याच महिन्याच्या २२ तारखेला ट्रम्प यांचा आदेश निघालाही, सरकारी खात्यांतल्या प्रशिक्षणांविरुद्ध. पुढच्या मार्चमध्ये रूफोनं हेतू उघडच सांगितला: लोकांनी वर्तमानपत्रात काहीही विचित्र वाचलं की त्यांच्या मनात लगेच हीच तीन अक्षरं यावीत. त्याचा मोकळेपणा कौतुकास्पद म्हणावा की काय, कळत नाही. तिसरीच्या मुलांना कायद्याच्या पदव्युत्तर वर्गातला सिद्धांत कुणी शिकवत नव्हतं, आणि 'आम्ही सीआरटी शिकवत नाही' हे शाळांचं उत्तर शब्दशः खरं होतं. पण पालक विचारत होते ते वेगळंच: माझ्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता का? त्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं.

बायडन यांनी २० जानेवारी २०२१ ला, पहिल्याच दिवशी, ट्रम्प यांचा आदेश आणि देशभक्तीपर इतिहास-शिक्षणासाठी ट्रम्प यांनीच नेमलेला '१७७६ आयोग' दोन्ही रद्द केलं. आयोगाचा अहवाल येऊन दोन दिवस झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प परत आले आणि आयोग पुन्हा जिवंत केला. लंबक असा हलत असला तरी शाळांचं खरं काम राज्यांत चालतं, आणि तिथं मधल्या काळात कायदे झाले होते.

कायद्यात काय लिहिलंय

एप्रिल २०२१ मध्ये आयडाहोपासून सुरुवात झाली. मग ओक्लाहोमा, टेनेसी, टेक्सास, फ्लोरिडा. बरीचशी भाषा ट्रम्प यांच्या त्या आदेशातूनच उचललेली. यातली दोन कलमं सावकाश वाचण्यासारखी आहेत.

एक: आपल्या वंशातल्या इतरांनी भूतकाळात केलेल्या कृत्यांची जबाबदारी केवळ त्या वंशाच्या माणसावर येते, असं शिकवू नये. यात चूक काय? काहीच नाही. कुठलाही शहाणा शिक्षक असं शिकवत नाही.

दोन: आपल्या वंशामुळे कुणाला अस्वस्थता, अपराधभाव किंवा मनस्ताप 'वाटायला हवा', असं शिकवू नये. 'वाटायला हवा' आणि 'वाटेल' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कायदा फक्त पहिल्यावर बंदी घालतो. तुला लाज वाटली पाहिजे, असं म्हणू नका. पण वर्गातल्या शिक्षकाला ऐकू येतं ते दुसरं: कुणाला वाईट वाटेल असं काही शिकवू नका. आणि १९५५ साली मिसिसिपीत मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय एमेट टिलबद्दल वाचून कुणाला वाईट वाटणार नाही?

टेक्सासच्या पहिल्या कायद्यात आणखी एक कलम होतं: वादग्रस्त विषयावर बोलायचंच तर वेगवेगळ्या बाजू मांडा, एकीला झुकतं माप देऊ नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये साउथलेक गावातल्या एका अधिकाऱ्यानं शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं की ज्यूंच्या नरसंहारावरचं पुस्तक वर्गात ठेवणार असाल तर विरुद्ध दृष्टिकोनाचंही ठेवा. ध्वनिमुद्रण बाहेर आलं, डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी माफी मागितली. कायद्याचा तसा अर्थ मुळीच नाही, असं कायदा करणाऱ्यांनी सांगितलं. पण घाबरलेला माणूस कायदा वकिलासारखा वाचत नाही, नोकरी वाचवायला वाचतो.

न्यू हॅम्पशायरचा असाच कायदा मे २०२४ मध्ये केंद्रीय न्यायाधीशानं घटनाबाह्य ठरवला, तो याच मुद्द्यावर: भाषा इतकी संदिग्ध की काय बोललं तर परवाना जाईल हे शिक्षकाला कळत नाही. काही राज्यं नेमकी उलट गेली. इलिनॉयनं २०२१ मध्ये आशियाई-अमेरिकनांचा इतिहास सक्तीचा केला. कनेक्टिकटनं २०२२ पासून प्रत्येक हायस्कूलला कृष्णवर्णीय व लॅटिनो इतिहासाचा ऐच्छिक अभ्यासक्रम ठेवणं बंधनकारक केलं.

'विरुद्ध आणि त्यांच्याकडून'

फ्लोरिडानं जुलै २०२३ मध्ये नवे निकष काढले. दोनशेहून जास्त पानं. त्यात गुलामांसाठीचे कायदे, बंडं, भूमिगत पलायनमार्ग, सगळं आहे. गाजलं ते एक स्पष्टीकरण: गुलामांनी अशी कौशल्यं मिळवली जी काही वेळा त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली. गुलामगिरीत लोहारकाम करणाऱ्यानं पुढं लोहारकामावर पोट भरलं, हे झालं असेल. आक्षेप कर्त्यावर आहे. या वाक्यात कौशल्य मिळवणारा गुलाम आहे, आणि त्याची मजुरी खिशात घालणारा कुठंच नाही. शिवाय लोहारकाम, विणकाम, भाताची शेती हे कितीतरी जणांना आफ्रिकेतूनच येत होतं, म्हणूनच तर काही ठिकाणांहून त्यांना मुद्दाम निवडून आणलं.

त्याच दस्तऐवजातला दुसरा शब्दप्रयोग कमी गाजला, मला तो जास्त गंभीर वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दंगली शिकवताना 'आफ्रिकन-अमेरिकनांविरुद्ध आणि त्यांच्याकडून' झालेला हिंसाचार असं म्हटलंय. उदाहरणांत १९२१ चं टल्सा आहे.

टल्सात काय झालं ते पाहा. ३१ मे आणि १ जूनला गोऱ्या जमावानं ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळली. ३५ च्या आसपास ब्लॉक राखेत गेले. मृतांचा अंदाज ३०० पर्यंत जातो, हजारो बेघर झाले. आपल्या माणसाचं तुरुंगातून अपहरण होऊन त्याला जमाव फासावर देईल म्हणून काही कृष्णवर्णीय बंदुका घेऊन न्यायालयापाशी गेले होते, त्यांनीही गोळ्या झाडल्या. म्हणजे 'त्यांच्याकडून' हा शब्द खोटा नाही. पण 'आणि' या दोन अक्षरांच्या अव्ययानं जाळणारे आणि जळणारे एका रांगेत बसवले.

ओक्लाहोमात हा प्रसंग कित्येक दशकं शाळेत जवळजवळ उच्चारलाच गेला नाही. राज्यानं चौकशी आयोग नेमला तो १९९७ मध्ये, अहवाल आला २००१ मध्ये. शंभर वर्षं पूर्ण होत होती त्याच मे २०२१ मध्ये राज्याचा तो 'अस्वस्थता' वाला कायदा सही झाला. टल्सा अभ्यासक्रमातून काढलं नाही, हेही सांगायला हवं. फक्त २०२३ मध्ये एका सभेत राज्याच्या शिक्षणप्रमुखांना विचारलं की टल्सा शिकवलं तर ते सीआरटीत बसत नाही का, तेव्हा त्यांचं उत्तर असं फिरलं की, कृत्याचा निषेध करा पण त्वचेच्या रंगामुळे ते घडलं असं जोडू नका. टीका झाल्यावर टल्सामागे वर्णद्वेषच होता असा खुलासा त्यांनी केला. मी त्यांना फार दोष देत नाही. त्यांच्याच कायद्याच्या भाषेत टल्साचं एक साधं वाक्य बोलून दाखवताना राज्याचा सर्वोच्च अधिकारी अडखळला. नवख्या शिक्षिकेचं काय होत असेल?

त्याचा अंदाज रँड या संशोधन संस्थेच्या पाहणीतून येतो. राजकीय-सामाजिक विषयांवर वर्गात बोलणं आपणहून कमी केलं असं सांगणारे शिक्षक जवळजवळ दोन-तृतीयांश निघाले. त्यातले अनेक असे की त्यांच्या राज्यात किंवा डिस्ट्रिक्टमध्ये असा नियमच नाही. २०२४ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशननं नऊ राज्यांतल्या तीन हजारांहून अधिक इतिहास-शिक्षकांना विचारून मोठा अहवाल काढला. त्यात शिक्षक कुठल्याच टोकाचे प्रचारक निघाले नाहीत. पाठ्यपुस्तकापेक्षा ते सरकारी संग्रहालयं आणि अभिलेखागारांचे मूळ कागद वापरतात, आणि त्यांची मोठी तक्रार वेळ पुरत नाही ही आहे.

मूळ कागदांचा फायदा असा की तिथं कर्ता स्वतःच बोलतो. यादवी युद्ध कशावरून झालं याचं उत्तर अमेरिकी बारावीच्या मुलांपैकी फक्त ८ टक्क्यांनी 'गुलामगिरी' असं बरोबर दिलं, असं २०१८ च्या एका पाहणीत दिसलं होतं. त्यावर लंबंचौडं व्याख्यान द्यायची गरज नाही. १८६१ मध्ये मिसिसिपीनं फुटून निघताना जाहीरनामा काढला. पहिल्याच परिच्छेदांत तो म्हणतो की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. मुलांना तो वाचायला द्यायचा. शिक्षकानं गप्प बसायचं.

लहान मुलांचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो विचारणाऱ्या पालकाला मी हिणवणार नाही. सात वर्षांच्या मुलाला जमावानं केलेल्या हत्येचे फोटो दाखवू नयेत. २०२१ मध्ये टेनेसीतल्या एका पालकगटाची तक्रार दुसरीच्या वर्गात वाचल्या जाणाऱ्या रूबी ब्रिजेसच्या गोष्टीबद्दल होती. 'रागावलेल्या गोऱ्या लोकांची मोठी गर्दी' असा तिथला उल्लेख त्यांना फार कठोर वाटला, शेवटी दिलासाही मिळत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. राज्यानं तक्रार फेटाळली, पण तांत्रिक कारणावर: ते धडे कायदा लागू होण्याआधीच्या वर्षातले होते.

१४ नोव्हेंबर १९६० ला सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी न्यू ऑर्लिन्सच्या, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या, विल्यम फ्रान्ट्झ शाळेत केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात गेली. गर्दी होती आणि ती गोऱ्यांची होती. 'तिला विरोध झाला' असं विरोध करणारा गाळून लिहिलं तर ती गर्दी नाहीशी होते. पण मग बाकीचेही नाहीसे होतात. गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली तरी बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या गोऱ्या शिक्षिकेनं वर्षभर त्या एका मुलीला एकटीला शिकवलं. आणि मेथडिस्ट पाद्री लॉइड फोरमन, तेही गोरे, आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन शिव्या देणाऱ्या त्याच गर्दीतून त्याच शाळेत गेले. दुसरीतली मुलं हे ऐकून पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा असा: त्या बाबांना भीती नाही वाटली?